नऊ गेलं कुठं?

सरदार मुलाणी शाळेत शिपाई म्हणून लागले त्याला तीन वर्षं झाली, पण गावात त्यांना अजून कुणी शिपाई म्हणत नाही. पाटकरीच म्हणतात. एकतीस वर्षं ज्या माणसानं कालव्याच्या चारीवर सायकल हाणली, याच्या रानाला पाणी सोडलं, त्याचं बंद केलं, सकाळी एकाच्या शिव्या खाल्ल्या आणि दुपारी दुसऱ्याचा चहा नाकारला, तो मरेस्तोवर पाटकरीच राहतो. निवृत्त झाल्यावर चार महिने ते घरी बसले आणि घरच्यांच्या नाकी नऊ आले. गल्लीतल्या नळावर कुणी किती हंडे भरायचे, याचं ते ओट्यावर बसून वेळापत्रक लावायला लागले. शेवटी त्यांची बायको मुनिरा म्हणाली, "कुठंतरी कामाला जावा बाबा. न्हायतर एक दिवस माझ्या माठाला बी पाळी लावाल."

मग माध्यमिक शाळेत घंटा वाजवायचं काम मिळालं. मानधनावर का होईना, पण बाहेर जायला कारण झालं. मुनिरानं त्या दिवशी शिरखुर्मा केला. ईद नव्हती काही नव्हती.

बारामती सोडून इंदापूरच्या अंगाला निघालं की आधी ऊस दाट लागतो, मग विरळ होतो, मग मधूनच बाभळी डोकवायला लागतात. बाभळी दिसल्या की समजायचं, चारीचा टेल आला. टेल म्हणजे शेवट. पाणी पोचलं तर पोचलं, नाहीतर वरच्यांनी पिऊन टाकलं. हे गाव टेलला, आणि शाळा गावाच्या टेलला.

शाळेचे मुख्याध्यापक देवकाते सर माळेगावहून मोटारसायकलवर येतात. शिस्तीचे मोठे शौकीन. विद्यार्थ्यांच्या नेतृत्वगुणांचा विकास करावा, असं परिपत्रक वरून आलं तेव्हा सरांनी तो विकास एका दिवसात उरकला. बारामतीहून दोन डझन बिल्ले आणले आणि पोरांच्या खिशाला लावले. शाळेला मंत्रिमंडळ झालं. स्वच्छतामंत्री बोरं खाऊन बिया खिडकीतून फेकायचा. पाणीमंत्री टाकीच्या नळाखाली चपला धुवायचा. सरदारभाई म्हणायचे, "सरकार लई बघितली, पर ह्ये येगळंच हाय."

आठवीचा वर्गप्रमुख ऋषिराज. बापाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, हंगामात कारखान्याला ऊस ओढायच्या. पोरगा पाचवीपासून वर्गप्रमुख, दरसाल बिनविरोध. त्याचं काम एकच: सर बाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. परत बोलला की नावापुढं फुली. तीन फुल्या झाल्या की मैदानाला तीन फेऱ्या. फळ्यावरची यादी पुसायच्या आधी तो ती वहीत उतरवून ठेवायचा, म्हणजे पुढं कुणी कज्जा काढायला नको. एवढ्या लिखाणानं बाकी काही झालं नसेल, त्याचं अक्षर मात्र देखणं झालं होतं.

आणि वर्ग गप्प झाला होता. इतका, की पाल चुकचुकली तरी सगळ्यांना ऐकू जावी. देवकाते सर पाहुण्यांना मुद्दाम आठवीवरून नेत आणि म्हणत, "बघा, शिस्त!"

जूनमध्ये गणित-विज्ञानाला माधवी मॅडम आल्या. बारामतीच्या, वयानं तिशीच्या आतल्या, खडूनं हात पांढरे झाले की ते पुसायचं भान नसलेल्या. त्यांना या शिस्तीनं पहिल्याच आठवड्यात घाम फुटला. "समजलं का?" म्हटलं की बेचाळीस पोरं एका सुरात "होऽऽ" म्हणायची. "कुणाला काही विचारायचंय?" म्हटलं की सगळा वर्ग दप्तराकडं बघायचा. चाचणीत बेचाळिसांतल्या तीस जणांना काही समजलं नसल्याचं निघालं.

ऑगस्टात पालकांची सभा झाली. शेवटच्या बाकावरच्या सारजाची आजी, कुशाबाई, सभेला आली. सारजाचा बाप चाकणला कंपनीत, आई त्याच्यासोबत, पोर आजीपाशी. मॅडमनी सरळ मनानं सांगितलं, "आजी, सारजा वर्गात एक शब्द बोलत नाही हो. जूनपासून मी तिचा आवाज ऐकला नाही."

मॅडमना वाटलं आजी पोरीला समजावतील. आजीनं वेगळाच अर्थ काढला. सभा सुटल्यावर पाण्याच्या टाकीपाशी ती सरदारभाईंना म्हणाली, "ऐकलं का सरदारभाई? मास्तरीणच म्हणती, पोरगी तोंडातनं सबूद काढत न्हाय. मग हितं बसून बाकडं झिजवण्यापरास कऱ्हाटीला मामाच्या रोपवाटिकेत ट्रे तरी भरील. सहामाही झाली की दाखला काढते."

"वैनी, अवो आठवीत हाय ती."

"मग? न बोलता धावीत गेली म्हणून काय निराळं हुणार हाय?"

सारजा तिथंच उभी होती. रडली नाही, हुज्जत घातली नाही. नुसतं सरदारभाईंकडं बघितलं आणि "असू दे" अशी मान हलवली.

ती मान सरदारभाईंनी पूर्वी बघितली होती. गेणबाची.

गेणबा म्हणजे सारजाचा आजा, कुशाबाईचा नवरा. चारीच्या अगदी शेवटच्या बांधाचा शेतकरी. सरदारभाई नोकरीला नवे होते तेव्हाची गोष्ट. पाण्याची पाळी सुरू झाली की वरची माणसं त्यांना घेरायची. कुणी अंगावर यायचा, कुणी पुढाऱ्याची ओळख सांगायचा, कुणाची बायको रस्त्यात आडवी बसायची. जो ओरडेल त्याचं रान भिजायचं. गेणबा कधी ओरडला नाही. कालव्यावर आलाच नाही. आपल्या बांधावर फावडं घेऊन वाट बघत बसायचा. त्या साली पाणी त्याच्या बांधाला लागायला आणि पाळी संपायला एकच गाठ पडली. दोन एकर कांदा वाळून गेला. सरदारभाई तोंड लपवत गेले, तर गेणबा म्हणाला, "असू द्या सरदारभाई. तुमचा काय दोष?" आणि मान हलवली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सरदारभाई अजून म्हणतात. शिवी माणूस दोन दिवसांत विसरतो. ती मान तीस वर्षं झाली तरी डोळ्यापुढून गेली नाही.

पुढच्या पाळीपासून सरदारभाईंनी कागदावर नियम होता तसं खरोखर करायला घेतलं. पाणी आधी टेलला न्यायचं, शेवटचा बांध भिजवायचा आणि मग एकेक रान मागं यायचं. वरच्यांनी बोंब मारली, तर म्हणायचे, "तुमच्या दारातनंच जातंय न्हवं? पळून जात न्हाय. वळूनशान येतंय." शिवाय सहीवर भरोसा ठेवणं बंद केलं. रान भिजलं म्हणून कुणी अंगठा दिला, तरी ते चप्पल काढून सरीत उतरायचे. पाय घोट्यापर्यंत गेला तर भिजलं, नाहीतर खोटं.

तर टाकीपाशी उभ्या उभ्या त्यांनी कुशाबाईला म्हटलं, "वैनी, सहामाहीपतुर थांबताय न्हवं? तेवढा सबूद पाळा. त्याच्या आधी दाखला मागू नगा."

"न्हाय मागत. पर तवर काय घडणार हाय?"

सरदारभाईंना ते तरी कुठं माहीत होतं!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माधवी मॅडम कपाळाला हात लावून व्हरांड्यात बसल्या होत्या. "चाचा, या वर्गापेक्षा भिंत बरी. भिंतीवर चेंडू टाकला तर परत तरी येतो."

सरदारभाईंनी चहा पुढं केला. "लहान तोंडी मोठा घास घिऊ का, मॅडम?"

"घ्या की."

"तुमी पाणी वरनं सोडताय. पयल्या बाकड्याला इचारताय, पयलं बाकडं उत्तर देतंय, तुमी म्होरं जाताय. पार टेलला काय जातंय मग? चिखल बी न्हाय." आणि मग खाली बसून त्यांनी काडीनं मातीत चारी काढली, बांध काढले आणि टेलकडून मागं यायची सगळी रीत दाखवली. मॅडमचा चहा गार झाला.

सोमवारी मॅडमनी ऋषिराजची नावं लिहायची वही मागून घेतली आणि कोरी वही हातात दिली. "आजपासून बोलणाऱ्यांची नावं नाहीत. वर्गातल्या प्रत्येकानं स्वतःचा एक प्रश्न काढायचा, न समजलेला. सुरुवात शेवटच्या बाकापासून. प्रश्न मिळाला की नावापुढं बरोबरची खूण. कुणाच्या नावापुढं खूण झाली नाही, तर ती चूक त्याची नाही. वर्गप्रमुखाची."

ऋषिराज चाट पडला. आजवर लोकांना गप्प करायचं काम होतं, ते सोपं होतं. बोलतं करायचं कसं?

पण पोरगा कारखान्याच्या भागातला. तीन दिवसांत वही भरून हजर. बेचाळीस नावं, बेचाळीस प्रश्न, बेचाळीस खुणा. मॅडम रजेवर होत्या म्हणून त्यानं ती सरदारभाईंकडं ठेवायला दिली आणि कॉलर ताठ करून उभा राहिला.

सरदारभाईंनी चष्मा लावला. दोन पानं उलटली. "बेचाळीसच्या बेचाळीस?"

"व्हय चाचा."

"तीन दिसांत समदं शिवार भिजलं? कालवा फुटला का काय रं?"

ऋषिराज हसला, पण थोडं कमी.

सरदारभाईंनी तिथून जाणाऱ्या एका पोराला हाक मारली. "ये हिकडं. तुझा प्रश्न काय हुता रं?"

"कंचा प्रश्न?"

"वहीत लिवलाय की. 'जडत्वाचे प्रकार सांगा.'"

पोरानं ऋषिराजकडं बघितलं. "मला न्हाय म्हाईत चाचा. ऋषीनं चिठ्ठी दिली आन म्हणला, ह्यो तुझा."

प्रकार उघडा पडला. ऋषिराजनं धड्यामागचा स्वाध्याय उघडून बाकावारी प्रश्न वाटून टाकले होते. शेवटच्या बाकाला पहिला प्रश्न, मग ओळीनं पुढच्या बाकांना. मॅडमनी सांगितलेली रीत तेवढी त्यानं काटेकोर पाळली होती.

"बस," सरदारभाई म्हणाले. "तुझा बाप ऊस वाहतोय. मोकळी ट्रॉली वजनकाट्यावर घालून पावती मागितली तर मिळंल का?"

"न्हाय."

"मग ह्ये काय हाय?"

ऋषिराज रडकुंडीला आला. "चाचा, बाकीच्यांचं मी करीन. पर ती सारजा बोलतच न्हाय. तिला मी तीनदा इचारलं. नुसती मान हलवती. तिच्यापायी माझा बिल्ला जाणार."

"आन तुझ्यापायी तिची साळा." सरदारभाईंनी त्याला दाखल्याचं सांगितलं. गेणबाच्या कांद्याचंही सांगितलं. "म्या वरच्या दारात हुबा राहून टेलला हाका मारत न्हवतो. सायकल काढून शेवटच्या बांधावर जाऊन बसायचो. तू पयल्या बाकड्यावरनं मान वळवून इचारतोस. तितं जा की."

ऋषिराज दुसऱ्या दिवशी दप्तर उचलून शेवटच्या ओळीत, सारजाच्या शेजारच्या बाकावर गेला. पोरं म्हणाली, ऋष्याचं डिमोशन झालं. घरी बापानं विचारलं, "का रं, वर्गात काय घाण केलीस?" त्यानं सगळं गिळलं आणि तिथंच बसला. तिथून फळ्याचा खालचा अर्धा भाग दिसत नाही हे त्याला पहिल्यांदा कळलं. मॅडमचा आवाज पंख्याच्या खडखडाटात बुडतो हेही कळलं. हे दोन्ही त्यानं आधी स्वतःचे प्रश्न म्हणून वहीत लिहिले. शनिवारी मॅडमनी पंख्याला तेल घालायला लावलं आणि फळा हातभर वर घेतला. मग शेवटच्या दोन ओळींतली पोरं हळूहळू वही मागायला लागली. "माझा बी लिव की रं." महिन्याभरात एकेचाळीस नावांपुढं खऱ्या खुणा झाल्या.

सारजाची जागा कोरी होती. ऋषिराज तिला पेरू द्यायचा, ती घ्यायची. विनोद सांगायचा, ती हसायची. प्रश्न विचारला की मान.

सहामाहीचा शेवटचा पेपर दोन दिवसांवर असताना तो वैतागून म्हणाला, "सारजे, तुझं तोंड शिवलंय का कुणी?"

सारजानं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तूच."

ऋषिराज बाकावरून पडायचा राहिला. एक तर ती बोलली, आणि काय बोलली!

"म्या? कवा?"

"पाचवीतली वही हाय का तुझ्याकडं? नावांची?"

वही घरी माळ्यावर होती. त्यानं ती शोधली. जुलै महिन्याचं पान. देखण्या अक्षरात 'सारजा', आणि पुढं तीन फुल्या. त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

"तीन फेऱ्या मारल्या म्या," दुसऱ्या दिवशी सारजा म्हणाली. "चप्पल तुटल्याली हुती. म्या काय बोलत हुते म्हाईत हाय?"

"न्हाय."

"कुणालाच म्हाईत न्हाय. कुणी इचारलंच न्हाय. म्या शेजारणीला गणितातलं इचारत हुते." आणि मग तिनं पाचवीपासून पोटात धरून ठेवलेला प्रश्न सांगितला. ऋषिराजनं बोटांवर मोजून बघितलं, वहीत मांडून बघितलं आणि वही मिटली.

"वर्गात इचार."

"तू नाव लिवशील."

"न्हाय लिवणार."

"समदी हसतील."

"हसू दे. त्यांची लिवतो."

सहामाही संपली. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी कुशाबाई पिशवी घेऊन शाळेत हजर. शब्द तिनं पाळला होता, आता दाखला पाहिजे होता. देवकाते सर फोनवर होते. सरदारभाईंनी तिला व्हरांड्यात आठवीच्या खिडकीखाली बसवलं, पाणी दिलं, आणि स्वतः शेजारी टेकले. आत गणिताचा तास चालू होता.

मॅडमनी नेहमीप्रमाणं विचारलं, "शेवटच्या बाकापासून. कोण?"

बाक सरकल्याचा आवाज आला.

"मॅडम, सत्तावीस आन अडतीस. सात आन आठ पंधरा. पाच खाली लिवलं, मग ऱ्हायलं किती? धा. पर आपण म्हणतो, हातचा एक. शेजारच्या घरात एकच नेतो. मग नऊ गेलं कुठं?"

वर्ग फसकन हसला. आठवीत हातच्याची बेरीज! पहिल्या बाकावरचा एक जण म्हणाला, "तिसरीतलं हाय ह्ये!"

ऋषिराज ताडकन उठला. "हसलास न्हवं? मग सांग. नऊ गेलं कुठं?"

तो पोरगा उभा राहिला. डोकं खाजवलं. "हातचा एकच असतोय. तसंच करत्यात."

"का?"

"तसंच करत्यात म्हणून."

हसू थांबलं. मग एकदम सगळ्यांनाच ते नऊ हवे झाले. कुणी म्हणालं गळती झाली असंल. कुणी म्हणालं शेवटी परत येत असतील. चार जण फळ्यापाशी धावले. मॅडम खडू खाली ठेवून स्टुलावर बसल्या आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. उत्तर सांगायचा मोह आवरायला त्यांना किती कष्ट पडत होते ते त्यांच्या मुठींवरून कळत होतं.

बाहेर कुशाबाईनं कान टवकारले. "सरदारभाई, ती पयली कोण बोलली वो?"

"वळखा की."

"आमची?" तिनं पदर सावरला आणि खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली.

आत ऋषिराज ओरडत होता, "मोळी! आरं मोळी! आमच्या ट्रॉलीपाशी कोण ऊस मोजतंय का? मोळ्या मोजत्यात. धा ऊस बांधलं की एक मोळी. दशकाच्या घरात सुट्टा ऊस घेतच न्हाईत. मोळीच लागती."

मग सारजा सावकाश, आधी स्वतःशी आणि मग मोठ्यानं म्हणाली, "म्हंजे नऊ कुठं गेलंच न्हाईत. मोळीतच हायती."

जो कालवा झाला तो थेट कार्यालयात ऐकू गेला. देवकाते सर फोन टाकून आले. "काय चाललंय हे? कसला गोंधळ आहे?"

पाण्याच्या टाकीवर चपला धुणारा तो पाणीमंत्री याच वर्गातला. तो उठून म्हणाला, "सर, ह्यो एक प्रश्न का दोन? तुमचं नाव बी लिवायचं का वहीत? तुमी प्रश्न इचारला न्हवं."

सरांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी फळ्याकडं बोट केलं. फळ्यावर सत्तावीस अधिक अडतीस होतं आणि खाली दहा-दहा उसांच्या सहा मोळ्या आणि पाच सुटे ऊस. सरांनी ते बघितलं. मग हळूच जवळच्या पोराला विचारलं, "सहावी मोळी कुठून आली?" आणि पोरानं शिकवायला सुरुवात केली.

सरदारभाई चप्पल बाहेर काढून आत गेले. वही उचलली. सारजाच्या नावापुढं ऋषिराजनं खूण केली नव्हती. पाचवीतलं पान फाडून तिथं चिकटवलं होतं, तीन फुल्या खोडल्या होत्या आणि खाली तिचा सगळा प्रश्न लिहिला होता.

ते बाहेर आले तर कुशाबाई पिशवी काखेत मारून पायऱ्या उतरत होती.

"वैनी, दाखला?"

"कशाचा दाखला? घरी तर माझं डोकं खातीया. साळंत बोलत न्हाय म्हणून मला वाटलं, हिला हितलं काय कळतच न्हाय." ती दोन पायऱ्या उतरली आणि परत वळली. "कऱ्हाटीच्या मामाला सांगते, ट्रे भराया मीच येते म्हणून. मला बी घरी बसून काय काम हाय? पर काय वो सरदारभाई..."

"काय?"

"म्या इतकी वर्सं म्हशीच्या वैरणीच्या मोळ्या बांधल्या, पर ह्ये नऊचं माझ्या बी कधी डोस्क्यात आलं न्हाय."

"माझ्या बी न्हाय," सरदारभाई म्हणाले.

तास संपून दहा मिनिटं झाली होती. देवकाते सरांनी आतून मनगटावरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं, घंटा द्या म्हणून. सरदारभाईंनी घंटेचा हातोडा हातात घेतला, आठवीकडं एकदा बघितलं, आणि तो परत खुंटीला अडकवून ठेवला.